कमी दाखवणारी बाजू

गराजची फरशी मोरीकडे उतरते,
म्हणून गाडी चर्चच्या पार्किंगमध्ये आणली.
टोइवोनं खिशातून हॉकीचा पक काढला,
डांबरावर कडेवर उभा केला.
गडगडला नाही.
त्यानं मान हलवली : इथं.

थंडर बे, ऑक्टोबरची अखेर.
सरोवरावरचा वारा धान्याच्या उंच कोठारांना वळसा घालून
थेट माझ्या बाहीत शिरतो.
ब्यूक एकवीस वर्षांची, मी एकसष्ट, भाऊ अडुसष्ट,
आणि मार्चपासून त्याचा उजवा हात त्याचा नाही.

सकाळी गिअरचं ऑइल मी बदललं, आयुष्यात पहिल्यांदा.
तो उपड्या बादलीवर बसून
डाव्या हातानं पाने दाखवत होता,
चुकीचा उचलला की टाळ्याला जीभ लावून : च्यक.
जुनं ऑइल दुधाच्या कॅनमध्ये मोजलं,
सहा लिटर, वर कॉफीचा एक कप.
काळपट, करपलेल्या पावाच्या वासाचं.
तेवढंच नवं ओतलं लांब नळीच्या नरसाळ्यातून,
डाळिंबी, पातळ, सणाला काढून ठेवलेलं असावं तसं.

जेवढं निघालं तेवढंच घालायचं,
हे तो पूर्वी म्हणायचा ऑइलबद्दल,
दारूबद्दल, एकदा तर वडिलांबद्दलही.
आता ते शब्द नाहीत.
चाळीस वर्षं कागद गिरणीत वापरलेली इंग्रजी
एका रात्रीत भसकन वाहून गेली.
उरली थोडी फिनिश,
आईनं मोज्यांच्या जोड्या मोजायला शिकवलेली.

तर इंजिन चालू.
पंधरा किलोमीटर फिरून आलोय,
थंड ऑइल खोटं बोलतं.
ब्रेकवर पाय. पार्कमधून रिव्हर्स.
"युक्सी, काक्सी, कोल्मे," टोइवो मोजतो.
गाडी किंचित मागे रेलते, कुणी खुर्चीत सावरून बसावं तशी.
न्यूट्रल. युक्सी, काक्सी, कोल्मे.
ड्राइव्ह. मग खालचे सगळे, मग उलटं, पुन्हा पार्क.
प्रत्येक घरात जरा थांबायचं,
ऑइलला बोळाबोळातून पोचू द्यायचं.
घाई केली की
च्यक.

इंजिन बंद करायचं नाही. हे मी विसरलेच असते.
बॉनेट वर. पट्टी बाहेर.
पुसली त्याच्याच जुन्या बनियनच्या तुकड्यानं,
धागा सुटत नाही असा त्यानं निवडून दिलेला.
पुन्हा आत, टेकेपर्यंत. पुन्हा बाहेर.
नवं ऑइल इतकं स्वच्छ की दिसतच नाही,
पट्टी आभाळाकडे तिरकी धरावी लागली.
रेघ बरोबर वरच्या खुणेवर.
"झालं की!"

टोइवोनं पट्टी माझ्या हातातच उलटी केली.
त्या बाजूला रेघ नखभर खाली.
त्यानं खालच्या रेघेशी अंगठा टेकवला
आणि तिथंच ठेवला.
वरची रेघ नळीच्या भिंतीला घासून आलेली,
कमी दाखवते ती बाजू खरी.
हे सांगायला पूर्वी त्यानं अर्धा तास घेतला असता
आणि मी ऐकलं नसतं.

मार्चपासून विनिपेगला त्याच्या मुलीला
फोनवर मी वरची रेघ वाचून दाखवते.
खूप सुधारणा आहे गं, परवा स्वतः दाढी केली.

अर्धा कप आणखी घातलं, त्याहून जास्त नाही.
जास्त झालं तर फेसाळतं,
आणि काढणं ओतण्यापेक्षा जिकिरीचं.
पुन्हा गिअर.
"युक्सी, काक्सी"
आणि तिसरा आकडा त्याला सापडेना.
इंजिन घुरघुरत होतं. चर्चचं दार कुणी उघडून लावलं.
आकडा माझ्या तोंडात होता, मी गिळला,
दांड्यावर हात तसाच.
"...कोल्मे."
ड्राइव्ह टाकला.

आतल्या कन्व्हर्टरमध्ये जुनं ऑइल असतंच,
ते कुणालाच काढता येत नाही, नव्यात मिसळतं.
उद्या पट्टी नाकाशी धरली
तर करपलेला पाव थोडासा येईलच.

घरी पोचल्यावर कळलं, पक तिथंच राहिला.
परत गेलो. तो आडवा पडला होता,
उभा केला होता तिथून चांगला हातभर लांब.
"वारा," मी म्हणाले.
टोइवो खूप वेळ त्याच्याकडे बघत राहिला,
मग उताराकडे, मग माझ्याकडे.
च्यक.